जपानी लोखंडाचं कडं

काष्टीत उतरून भिंगारदिव्यांचं घर विचारलं, की लोक आधी हसायचे आणि मग म्हणायचे, "विमानवाल्यांचं का?" घरात विमान कधीच नव्हतं. होतं ते नुसतं इंजिन. तेही जपानी, तेही महायुद्धातलं, आणि सत्तेचाळीस साली बैलगाडीतून उतरवल्यापासून वीतभरसुद्धा न हललेलं. पण लोक विमानवाले म्हणतात म्हटल्यावर श्रीमंतराव भिंगारदिव्यांची छाती अशी काही फुगायची, की वाटावं, हे उद्या सकाळी दौंडावरून घिरट्या घालणार.

त्यांची सून भारती लग्न होऊन आली तेव्हा तिला घरातलं पहिलं काही दाखवलं गेलं असेल तर ते हे इंजिन. मधोमध हंड्याएवढा गाभा आणि त्याच्याभोवती सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखी चौदा सिलिंडरं, सात पुढच्या रांगेत, सात मागच्या. प्रत्येक सिलिंडरावर पुठ्ठ्याएवढ्या पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या. त्या पट्ट्यांत कोंबड्यांची पिसं अडकलेली असायची, बिड्यांची थोटकं असायची, आणि कधी कधी सासऱ्यांनी खोचून ठेवलेलं लाइटबिलही सापडायचं. असं हे सहाशे किलोंचं धूड तीन दगडांवर आणि एका लाकडी ओंडक्यावर टेकवलेलं होतं. ओंडक्याला वाळवी लागली होती. ती वाळवी घरात फक्त भारतीला दिसत असे.

"माज्या बानं पाडलंय हे इमान," सासऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं. "ब्रह्मदेशात. येकाच गोळीत."

हे 'बा' म्हणजे रंभाजी भिंगारदिवे. नगरच्या लष्करी डेपोत खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे हमाल, होते. ब्रह्मदेश तर सोडाच, त्यांनी मनमाडसुद्धा पाहिलं नव्हतं. युद्धात हाती लागलेलं हे इंजिन मिस्त्रीकाम शिकणाऱ्या पोरांना दाखवायला डेपोत आणलं होतं. युद्ध संपलं, पोरं पांगली, इंजिन भंगारात निघालं आणि रंभाजींनी ते घरी आणलं. विहिरीवर बसवून पाणी ओढायचं असा त्यांचा बेत होता. विहीर नव्हती. जमीनही नव्हती. इंजिन मात्र होतं.

छप्पन्न साली घर बौद्ध झालं आणि इंजिनाचाही दर्जा वाढला. जपान हा बुद्धाला मानणारा देश, तेव्हा तिथलं इंजिन म्हणजे जवळजवळ पाहुणा भिक्खूच. त्याच्या गाभ्यावर एक पितळी पट्टी होती, तिच्यावर जपानी अक्षरं. ते बुद्धवचन आहे असं श्रीमंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भारतीचा नवरा नितीन साखर कारखान्यात क्लार्क होता. त्यानं एकदा पट्टीवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा काढला आणि पुण्याला जपानी शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवला. उत्तर आलं की त्यात कारखान्याचा नंबर आहे आणि तेल कोणतं घालावं ते लिहिलं आहे.

"त्यो बी उपदेशच हाय की," श्रीमंतराव म्हणाले, आणि विषय संपला.

भारती नगरला कॉलेजात शिकली होती. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी., तेही फर्स्ट क्लास. "आमची सून बी. एस्सी. हाय," हे सासरे इंजिनाइतक्याच अभिमानानं सांगत आणि इंजिनाला विचारत तितकंच तिला विचारत. मुलगा झाला, त्याचं नाव त्यांनी सम्राट ठेवलं. सम्राट आता चौदा महिन्यांचा होता, स्वतःचं नाक स्वतःला पुसता येत नव्हतं आणि दिवसातून दहा वेळा तो रांगत, धरत, पडत त्या इंजिनाकडेच जायचा. भारती दहाच्या दहा वेळा धावायची.

"अहो, ते कलंडलं तर?" तिनं नितीनला विचारलं होतं.

"अठ्ठेचाळीस वर्षं नाही कलंडलं, आता बरं कलंडेल!"

"नगरला रणगाड्यांचं संग्रहालय झालंय ना, त्यांना देऊन टाका."

"दादांना विचार."

दादांना, म्हणजे सासऱ्यांना, भारती त्यांना मामा म्हणे, विचारलं. ते म्हणाले, "रणगाड्यात इमान ठिवायचं? रेड्यांच्या गोठ्यात मोर बांदाय सांगती व्हय गं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते इतके खूश झाले, की संध्याकाळपर्यंत चार जणांना हेच ऐकवून आले.

घरातले पुरुष धोका कसा मोजतात हे भारतीला तेव्हा कळलं. जे अजून झालं नाही ते होत नसतं. किती सोपं गणित! बाळाच्या आईला मात्र हे गणित कुणी शिकवत नाही. ती आपली ओंडक्याला रोज पायानं ढोसून बघत बसते.

आता घरातल्या बत्त्याचं. रंभाजींनी उत्साहाच्या भरात एक सिलिंडर उघडलं होतं. ते पुन्हा बसलं नाही ते नाहीच. त्यातून दोन व्हॉल्व्ह निघाले. एक कुठं हरवला, आणि दुसरा, जाड दांड्याचा, घरात बत्ता म्हणून राहिला. छत्रीसारखं गोल डोकं आणि वीतभर दांडा. सासूबाई, बनुबाई, तीस वर्षं त्यानं लसूण-मिरची कुटत होत्या. सम्राटला दात येऊ लागले तशी त्याला त्या दांड्याची चटक लागली. हातातून काढला की टाहो. शेवटी भारतीनं तो त्याचाच करून टाकला, पण घाण म्हणून रोज बाटलीबरोबर कुकरमध्ये घालून दोन शिट्ट्या काढायच्या, असा नेम ठरवला.

पहिल्याच दिवशी तिनं तो गरमागरम सांडशीनं उचलला, पाणी झटकलं, आणि तिचा हात तसाच थांबला. दांड्याच्या आत काहीतरी डचमळलं होतं.

गार झाल्यावर हलवून पाहिला. काही नाही. नुसतं लोखंड. पुन्हा कुकरमध्ये घातला, पुन्हा हलवला. डचमळलं. तिसऱ्यांदा करण्याआधी तिनं सम्राटला उचलून बाहेर सासूबाईंकडे दिलं.

पाणी असतं तर गार असतानाही हललं असतं. पारा असता तर तोही. कुकरच्या वाफेत वितळतं, गार झालं की गोठतं आणि धातूच्या पोटात कोंडून ठेवावं लागतं, असं काय असतं? भारती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेलं सोडियम. चिमट्यानं काढायचं, सुरीनं खव्यासारखं कापायचं, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काचेच्या नळीत घालून लाल होईपर्यंत तापवायचा आणि नळी तशीच पाण्यात बुडवायची. फट्! नळी फुटायची, पोरी किंचाळायच्या. एकीनं एकदा हरभऱ्याएवढा घेतला होता, तर छतापर्यंत डाग गेले होते. तो हरभरा होता. इथं दांडाभर असणार. विमानाच्या व्हॉल्व्हमध्ये ते कशाला भरतात हे तिला ठाऊक नव्हतं. उष्णता झटकन वाहून न्यायला असावं, असा तिनं अंदाज केला. पण वितळतं अठ्ठ्याण्णव अंशाला आणि पाण्याशी त्याचं उभं वैर, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

जेवताना तिनं सांगितलं. सगळं नीट, एकेक करून.

श्रीमंतरावांचा घास हातातच राहिला. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजी बाँब म्हन की! बनु, आगं तीस वर्सं तू बाँबनं लसूण कुटती!"

"तरीच चटणीला चव हाय," बनुबाई म्हणाल्या.

नितीनही हसला. "कुठून तरी पाणी शिरलं असेल गं."

"शिरायला भोक कुठं आहे?"

"तू बी. एस्सी. आहेस, तूच शोध."

भारती उठली. तिनं बत्ता धुतला नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकला. सम्राट दोन दिवस रडला आणि विसरला.

सासरे विसरले नाहीत. त्या आठवड्यात लशीचा डोस दिल्यामुळे सम्राटला ताप भरला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की येईल. आला, गेला. पण शेजारच्या बायकांनी दृष्ट काढली आणि श्रीमंतरावांच्या डोक्यात कडं शिरलं. लोखंडाचं कडं, पोराच्या मनगटात. पूर्वी घोड्याच्या नालाचं करत. लोहार पोराच्या मनगटाचं माप घेई, कडं लाल करून वाकवी, पोराच्या देखत पाण्यात विझवी आणि तेच पाणी पोराच्या अंगाला लावत. म्हणे अंग धरतं.

"मामा, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात," भारती म्हणाली. "त्यांच्याखाली बसून दृष्टीचं कडं?"

"ही अंदश्रद्धा न्हाई," श्रीमंतराव म्हणाले. "ही परंपरा हाय. आन् साधं लोखंड थोडंच घालनार? जपानी. बुद्धाच्या देशातलं."

यावर प्रतिज्ञांनीही हात टेकले असते.

बाजाराच्या दिवशी भारती मागच्या दारी कपडे धूत होती. बनुबाई पोराला खेळवत होत्या. कपडे वाळत घालून ती पुढं आली, तर अंगणात कोंबड्या तेवढ्या होत्या.

"आत्या, सम्राट कुठाय?"

"ह्यांनी नेला बाजारात. गोडीशेव घेऊन देतो म्हनले."

भारती माळ्याकडे धावली. डबा उघडा, फडकं खाली पडलेलं.

"आत्या, बत्ता?"

बनुबाईंनी पदराशी चाळा केला. "मला म्हनले, तिला सांगू नगं. उगाच घाबरती म्हनले."

भारती चपला न घालताच निघाली. बाजारतळ घरापासून दहा मिनिटांवर. त्या दिवशी ती चार मिनिटांत पोचली असेल. वाटेत दोघांनी विचारलं, "काय झालं, विमानवाल्या बाई?" तिनं मान वळवली नाही.

लोहार सूर्यभान आपल्या पालापुढं बसला होता. भाता, ऐरण, पाण्याची दगडी डोण, आणि भोवती रिकामटेकड्यांचं कडं. गावात सर्वात स्वस्त करमणूक म्हणजे दुसऱ्याचं काम बघणं. श्रीमंतराव डोणीला अगदी खेटून बसले होते, सम्राट मांडीवर, त्याचे दोन्ही हात पाण्यात. तो छपाछप पाणी उडवत होता आणि आजोबा त्याच्याकडं बघून जगाला सांगत होते, "बगा, घाबरत न्हाई. रक्तच तसलं हाय."

बत्ता सूर्यभानच्या हातात होता. त्यानं तो भट्टीत घातला नव्हता. तो त्याला तोलत होता, ऐरणीवर टिचकी मारून ऐकत होता.

"श्रीमंता, हे भरीव न्हाई," तो म्हणाला. "पोटात पोकळ हाय. तोंड बंद असलेलं पोकळ लोखंड मी विस्तवात घालत नसतो. माज्या बापानं येकदा घातलं हुतं, त्याचा डोळा गेला."

"घालू नका!" भारती गर्दीतून आत घुसत ओरडली. "मामा, सम्राटला द्या इकडं. आत सोडियम आहे त्यात."

"आली," श्रीमंतराव गर्दीला म्हणाले. "आमच्या शास्त्रज्ञ आल्या." गर्दी हसली. तिला हसायचंच होतं. कशाला हसतो हे तिला कुठं ठाऊक असतं?

"मामा, मी पाया पडते. पोर द्या."

"आता कडं झाल्याबिगर पोर उठत न्हाई. सूर्यभान, इस्तवात न्हाई तर न्हाई, गारच काप. करवत हाय न्हवं?"

"गार कापाय माजी ना न्हाई," सूर्यभान म्हणाला आणि बत्ता पायाखाली दाबून त्यानं करवत लावली.

भारती पुढं सरकली. पोर ओढून घ्यावं, तर सासऱ्यांनी त्याला कमरेला घट्ट धरलेलं. ओढाताणीत पोर नेमकं डोणीवरच आपटलं असतं. ती त्यांच्या खांद्याशी उभी राहिली. करवत कुरकुरत होती. मग अचानक तिचा आवाज बदलला. मऊ झाला. दांड्याचा तुकडा गळून पडला आणि सगळ्यांनी माना पुढं केल्या.

आत चकचकीत पांढरं काहीतरी होतं.

"चांदी!" मागून कुणी तरी ओरडलं.

एवढंच पुरे झालं. बाजारतळावर तो शब्द पेटत्या वातीसारखा पसरला. "चांदी हाय!" "बानं लपवून ठिवली हुती!" "तरीच इंजिन इकलं न्हाई!" श्रीमंतरावांचे डोळे भरून आले. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या बापावर शंका होती हे कळलं, आणि त्याच क्षणी ती फिटलीही.

"ही चांदी नाही," भारती म्हणाली. "बघा ना, बघा! काळी पडतेय."

खरंच पडत होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती चमक राखाडी झाली, जणू तव्याची काजळी लागलेला हात तिच्यावरून फिरवला. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. पण श्रीमंतराव भिंगारदिवे थांबण्यातले नव्हते.

"मळ बसलाय," ते म्हणाले. "पन्नास वर्सांचा मळ. धुतला की निगंल." आणि त्यांनी बत्ता सूर्यभानच्या पायाखालून उचलला.

उचलायला त्यांना एक हात लागला. सम्राटच्या कमरेभोवती एकच हात राहिला. भारती तेवढ्याचीच वाट बघत होती. तिनं पोराला दंडाखाली धरून मुळा उपटावा तसं उपटलं आणि ती गर्दीत मागं पडली, पोराला छातीशी, पाठ डोणीकडं.

श्रीमंतरावांनी बत्ता डोणीत बुडवला. फट् नव्हे. प्रयोगशाळेतला तो आवाज याच्यापुढं फटाकडीच. आधी सापासारखा फुत्कार, पिवळा जाळ, आणि मग असा धडाका की बाजारातल्या म्हशी दावी तोडून निघाल्या. डोणीतलं अर्धं पाणी हवेत. तिची पाठ गरम थेंबांनी चर्रर झाली. सम्राट रडला नाही. त्यानं तोंडाचा चंबू केला आणि आईकडं असं पाहिलं, की हे तूच केलंस का?

श्रीमंतराव दोन हात मागं, मातीत बसलेले. उजवी बाही करपलेली, उजवीकडची अर्धी मिशी नाहीशी. बत्त्याचं डोकं शेजारच्या भेळवाल्याच्या चुरमुऱ्यांत सापडलं.

"सदरा काढा त्यांचा!" भारती ओरडली. "आधी सदरा! मग पाणी ओता, हापशाचं, घागरीवर घागरी! डोणीतल्या पाण्याला हात लावू नका कुणी, त्याचा आता कॉस्टिक सोडा झालाय!"

गंमत अशी, की यावेळी सगळ्यांनी ऐकलं. सूर्यभाननं सदरा फाडला, दोघं हापशाकडं पळाले. मनगटावर दोन फोड आणि हातावर लाल चट्टे, एवढ्यावर निभावलं. दहाव्या घागरीनंतर श्रीमंतरावांना वाचा फुटली. भिजलेले, उघडे, अर्ध्या मिशीचे. त्यांनी गर्दीवर नजर फिरवली आणि म्हणाले,

"बगितलं? पन्नास वर्सं झाली, तरी जपानी इंजिनात जीव हाय!"

भारतीला वाटलं, हा माणूस मरताना यमालाही इंजिन दाखवेल.

गावाची भक्ती मात्र तासाभरात उतरली. कालपर्यंत विहारासमोर चौथरा बांधून इंजिन बसवा म्हणणारे गावचे सरपंच स्वतः येऊन म्हणाले, आजच्या आज गावाबाहेर काढा. लांबूनच म्हणाले, फाटकातून. शेजाऱ्यांनी आपली पोरं आत घेतली. भारतीनं नितीनला कारखान्यातून बोलावून घेतलं, त्याच्यासमोर कागद ठेवला आणि सांगितलं, लिहा. तेरा सिलिंडरं, प्रत्येकात असाच एक व्हॉल्व्ह असणार, तापवू नये, कापू नये, पाण्याजवळ नेऊ नये. नितीननं मुकाट्यानं लिहिलं. 'असणार'च्या जागी 'असण्याची शक्यता' घालू का, एवढंच त्यानं विचारलं. तिनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं 'असणार' ठेवलं. कागद पोलिसांकडे गेला, तिथून नगरला लष्कराकडे.

तिसऱ्या दिवशी हिरवा ट्रक आला. एक सुभेदार, चार जवान, साखळ्या आणि कप्पी. जवानांनी इंजिन उचललं तेव्हा ओंडका आपोआप दोन तुकडे होऊन पडला, आतून पोखरून पीठ झालेला. कुणाच्या नजरेत तो भरला नाही. भारतीनं मात्र ते पीठ चपलेनं पसरवलं आणि नितीनला दाखवलं. नितीन म्हणाला, "हं."

ट्रक भरला. सुभेदार कागद पुढं करून म्हणाला, "आत सोडियम आहे हे कुणी ओळखलं? साहेबांनी नाव विचारलंय. पत्र द्यायचं म्हणाले, शाबासकीचं."

श्रीमंतराव पुढं झाले. हाताला पट्टी, मिशी दोन्हीकडून सारखी केलेली, म्हणजे आता नव्हतीच. "मीच," ते म्हणाले. "बापाचं इंजिन, मला न्हाई ठावं तर कुनाला? प्रयोगच करून दाकवला."

नितीन चपलेकडं बघू लागला. सुभेदारानं भारतीकडं पाहिलं. पोरगं काखेत घेऊन ती दारात उभी होती.

"हो," ती म्हणाली. "मामांनीच ओळखलं."

श्रीमंतरावांनी सही केली. लांबलचक, शेपटीवाली. ट्रक गुरगुरला, मागं आला, वळला. चौदा पाकळ्यांचं ते लोखंडी फूल ताडपत्रीखाली हलत-डुलत निघालं आणि श्रीमंतराव त्याला कडक सलाम ठोकून उभे राहिले.

बनुबाई सुनेच्या कानाशी आल्या. "आगं, वळखलंस तू, आन् सही ह्यांची? तोंड न्हाई का तुला? बोल की!"

"थांबा आत्या," भारती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "आत्ता बोलले तर मामा इंजिन परत उतरवून घेतील. गाडी भीमेच्या पुलापलीकडं जाऊ द्या आधी."

"आगं पन नगरची गाडी भीमेकडं कशाला जाईल?"

"मग नगरला पोचू द्या," भारती म्हणाली. "मी घाईत नाही."